मदत हवी आहे: डी७२०० सोडून नवीन झेड५०-टू घ्यावा का? (माळावरचे पक्षी + सोलापूरची गड्डा यात्रा)

माळटिटवी:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१६ पासून निकॉनचा डी७२०० (आरशाचा, डीएसएलआर) आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात त्यांचा झेड५०-टू (बिनआरशाचा, मिररलेस) आला आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. घ्यावा की नको, ठरेना झालंय.

शाळा सांभाळून रविवारी सकाळी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर जाते. माळढोक आता कुठला दिसायला, पण थंडीत भोवत्या (शिकारी पक्षी) येतात, धाविक, चंडोल, खाटीक असतात. भोवत्या गवताला पोट घासल्यासारखा खालून येतो, अंगावरून जातो, मी सात-आठ फोटो दाबते. घरी येऊन मोठं करून बघावं तर अलीकडचं कुसळ एकदम लख्ख आणि पक्षी दुलईतून बघितल्यासारखा. लेन्स २००-५०० मिमी, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली.

दुसरं दुखणं गड्ड्याचं. रात्रीच्या मिरवणुकीत नंदीध्वजाची उंच काठी पेलणारा मान वर करून टोकाकडे बघत पाऊल टाकतो, तो चेहरा मला हवा असतो. त्यासाठी काकांनी दिलेली जुनी ८०-२०० एफ२.८ वापरते (काकांचा स्टुडिओ होता, रोलच्या काळातली लेन्स आहे, एएफ-डी). अंधारासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० ला नेला की पांढऱ्या बाराबंदीवर रवा सांडल्यासारखा दिसतो.

नवी पेठेत एका दुकानात विचारलं तर म्हणाले, "मॅडम, डीएसएलआर संपलं आता. अडॅप्टर लावा, जुन्या सगळ्या लेन्स चालतात." बजेट लाखाच्या आत, अडॅप्टर धरून. शटर काउंट (आजवर शटर किती वेळा उडालं तो आकडा) १ लाख ३८ हजार झालाय, त्याचीही धास्ती आहे. घरी यांचं म्हणणं, आहे तो बंद पडू दे, मग बघू. अनुभवी लोकांनी सांगा.

पार्कचौककर:

घेऊन टाका ताई. मिररलेसला पक्ष्याचा डोळा आपोआप सापडतो. डोळे झाकून घ्या.

जुनीकाच:

पार्कचौककर, दुसऱ्याच्या पैशाने डोळे झाकायला काय जातंय!

माळटिटवी ताई, दुकानदारानं अर्धंच सांगितलंय. एफटीझेड अडॅप्टरवर (जुनी लेन्स नव्या बॉडीला जोडणारा) तुमची २००-५०० व्यवस्थित चालेल, फोकस, व्हीआर (हात हलला तर सावरणारी सोय) सगळं. काकांची ८०-२०० मात्र एएफ-डी आहे. तिच्यात मोटर नाही, डी७२०० च्या बॉडीतली मोटर स्क्रूनं ती फिरवते. एफटीझेडमध्ये तो स्क्रूच नाही. म्हणजे लेन्स बसेल, फोटो निघेल, पण फोकस हातानं फिरवायचा. गड्ड्याच्या गर्दीत, धक्के खात, रात्री. विचार करा.

आणि रवा काही फार कमी होणार नाही. सेन्सर त्याच आकाराचा, एपीएस-सी. तुमचा २४ मेगापिक्सेलचा, नवीन जवळजवळ २१ चा. त्यापेक्षा आताच्या डीनॉईज (रवा पुसणाऱ्या) सॉफ्टवेअरनं जास्त फरक पडेल.

भीमाकाठ:

मला एकच शंका आहे. "अलीकडचं कुसळ लख्ख" हे नेहमीच होतं का? बसलेल्या पक्ष्यालाही? मग बॉडी आणि लेन्सचं जुळत नाहीये, फ्रंट फोकस होतोय, म्हणजे फोकस पक्ष्याच्या अलीकडे पडतोय. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकसचा सेन्सर वेगळा असतो, आरशाखाली. त्यात आणि मुख्य सेन्सरमध्ये केसभर फरक पडला की ५०० मिमीला पक्षी गेलाच. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस थेट मुख्य सेन्सरवरून होतो, तिथे ही भानगड नाही.

करून बघा: ट्रायपॉड, ५०० मिमी, एफ५.६, स्वच्छ उजेड. बारीक नक्षीची कुठलीही वस्तू सात-आठ मीटरवर जरा तिरकी लावा. आधी व्ह्यूफाइंडरमधून पाच फोटो, दर वेळी फोकस बिघडवून नव्यानं धरायचा. मग लाइव्ह व्ह्यूमधून पाच. लाइव्ह व्ह्यूचे शार्प आणि आधीचे मऊ निघाले तर दुखणं सापडलं. सेटअप मेनूत एएफ फाइन-ट्यून (फोकस पुढेमागे सरकवायची सोय) आहे, फुकट.

हो, आणि सकाळी नऊनंतर माळावर लांबचे फोटो काढूच नका. जमिनीची वाफ हलते, कोणताही कॅमेरा ती थांबवत नाही.

पार्कचौककर:

शटरचं काय पण? दीड लाखाला मरतंय म्हणतात.

जुनीकाच:

कंपनीनं दीड लाखापर्यंत चाचणी केलीय. दीड लाखाला मरतंय असं नाही, दोन-अडीच लाख ओढलेले कॅमेरेही बघितलेत. उद्याही जाऊ शकतं, ते मात्र खरं.

माळटिटवी:

भीमाकाठ दादा, काय सांगू! बारीक नक्षी म्हणून सासूबाईंची मोराची सोलापुरी चादर काढली कपाटातून आणि गच्चीवरच्या दोरीवर तिरकी टाकली. खालून सासूबाई विचारतायत, धुतलेली चादर परत कशाला वाळत घातलीस? मोराच्या डोळ्यावर फोकस. व्ह्यूफाइंडरच्या पाचही फोटोंत डोळा मऊ आणि त्याच्या चार बोटं अलीकडच्या काठाचा धागान्‌धागा मोजून घ्या. लाइव्ह व्ह्यूमध्ये मोराचा डोळा असा, की विणताना सुटलेला एक धागाही दिसला.

मग फाइन-ट्यून. उणे केलं तर आणखी बिघडलं, अधिक करत गेले. +९ ला जमलं. दोन वर्षं मी स्वतःच्या हाताला दोष देत होते हो. आता प्रश्न असा की तरीही नवीन घ्यावा का?

भीमाकाठ:

एका लेन्सला एकच आकडा साठवता येतो, म्हणून ५०० लाच केलंत ते बरं झालं. २०० ला जरा इकडेतिकडे होईल, तिकडे दुर्लक्ष करा.

माझ्याकडे झेड५०-टू आहे, म्हणून खरं सांगतो. उडणाऱ्या पक्ष्यासाठी तो तुमच्यापेक्षा नक्कीच सरस. पक्ष्यांसाठी वेगळा डिटेक्शन मोड आहे, तुमच्या सेकंदाला ६ फ्रेमच्या जागी ११ मिळतात, आणि प्री-रिलीज कॅप्चरमध्ये बटण पूर्ण दाबायच्या आधीच्या क्षणाचे फोटोही साठतात (फक्त जेपेग). खाटीक काटेरी फांदीवरून उडायची वाट बघत बसणाऱ्याला हे सोनं आहे.

पण बॅटरी! तुमच्या डी७२०० ची कंपनीच्या मोजणीनुसार १११० फोटोंची, याची अडीचशेच्या आसपास. प्रत्यक्षात जास्त निघतात, तरी तीन बॅटऱ्या लागतातच. तुमच्या जुन्या चालणार नाहीत. कार्ड एकच, तुमच्याकडे दोन. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तर सावरणं) नाही. आणि सेन्सर स्वतः धूळ झटकत नाही, तुमचा झटकतो. नान्नजची धूळ माहितेय ना? मी अडॅप्टर गाडीत बसून, काचा वर करून लावतो.

माळटिटवी:

धूळ कशी विसरेन. मागच्या मे महिन्यात नाकातून माती निघाली होती.

बरं, असं ठरवलंय. ८०-२०० ला बॉडीतली मोटर लागते, त्यासाठी तरी डी७२०० विकायचा नाही, गड्डा त्याच्यावरच. रव्यासाठी डीनॉईजचं ट्रायल उतरवून घेतलंय. नवीन बॉडी फक्त माळासाठी, तीही आधी हातात धरून बघितल्याशिवाय नाही. दादा, येत्या रविवारी नान्नजला येताय का? माझी २००-५०० तुमच्या बॉडीवर तासभर लावून बघायची आहे. मी साडेसहाला बार्शी रोडवर, गावाच्या अलीकडे थांबते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्याकडे.

भीमाकाठ:

येतो. कार्ड तुमचं आणा, फोटो घरी नेऊन मोराशेजारी लावून बघा. आणि +९ माझ्या बॉडीला लागत नाही, तिथे शोधत बसू नका.

पार्कचौककर:

भाकरी आहे म्हटल्यावर मीपण येतो. माझ्याकडे मोबाईल आहे.