पद्मिनी बरीच वर्षं उभी: मागची चाकं जाम, ब्रेक पेडल तळाला

पडवीतली_पद्मिनी (रत्नागिरी)
१९८६ ची प्रीमियर पद्मिनी, चारही चाकांना ड्रम ब्रेक. कोविडच्या आधीपासून पडवीत उभी आहे आणि हँडब्रेक ओढलेलाच राहिला. इंजिन चालू झालं, आता ब्रेकपाशी अडलंय. हँडब्रेक सोडला तरी मागची दोन्ही चाकं हलत नाहीत. पुढचं डावं जड फिरतं, उजवं मोकळं आहे. पेडल पहिल्या दाबाला तळाला जातं, भराभर पंप केलं की अर्ध्यावर येतं, पण पाय दाबून ठेवला की हळूहळू खाली सरकतं. ब्रेक ऑइलच्या डबीतलं ऑइल काळं, तळाला गाळ. मागच्या डाव्या टायरला आतून ओल आहे. गॅरेजमध्ये म्हणतात, ऑइल बदला, पाईपात अडकलेली हवा (एअर) काढा, चालेल. मला ते पटत नाही. सुरुवात कुठून करू?

ड्रमवाला (कोल्हापूर)
तुम्हाला पटत नाही तेच बरोबर आहे. पहिली गोष्ट, पेडल पंप करणं आजपासून बंद. पेडल दाबलं की ऑइल ढकलतो तो मास्टर सिलिंडर. रोजच्या वापरात त्याचा रबरी वॉशर बोअरच्या (आतल्या गोल पोकळीच्या) पहिल्या भागातच मागेपुढे होतो. पुढचा भाग ओलाव्याने गंजलेला असतो. पेडल तळाला गेलं की वॉशर त्या गंजावरून घासतो आणि त्याची कड फाटते. दाबून धरलेलं पेडल सरकतं याचं कारण बहुतेक हेच. टायरची ओल म्हणजे बहुतेक तिथला व्हील सिलिंडरही (चाकातला, ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा) गळतोय. त्यामुळे नुसतं ऑइल बदलून काहीच साधणार नाही.

आता जाम चाकं. खरेदीच्या आधी कारण शोधा. पुढच्या चाकांना दगड लावा, मागून गाडी जॅकवर उचलून स्टँडवर बसवा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली वाकायचं नाही. हँडब्रेकच्या केबलचा नट पूर्ण ढिला करा. चाकं सुटली तर केबल आवरणात गंजून अडकलीय, ती बदला. नाही सुटली तर निपल (व्हील सिलिंडरवरचा, ऑइल आणि एअर बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) जरा उघडा. दाब सुटून दोन्ही चाकं मोकळी झाली, तर बॉडीवरून अॅक्सलवर येणारा रबरी होज आतून फुगलाय. तो एकच होज दोन्ही मागच्या चाकांना ऑइल देतो. पाय दाबला की ऑइल जोराने पुढे जातं, परत यायला मात्र वाट मिळत नाही. निपल उघडूनही फरक नाही तर शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे तुकडे) ड्रमला गंजाने चिकटलेत. तुमच्या वर्णनावरून मला हेच वाटतं. चाक काढा, अॅडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा स्क्रू) मागे घ्या आणि ड्रमच्या तोंडावर, स्टडच्या मधल्या जागेत, लाकडी हातोड्याने गोल फिरत ठोका. कडेवर ठोकू नका, बीड (ओतीव लोखंड) आहे, टवका उडतो.

पुढच्या डाव्या चाकाला निपलची हीच चाचणी करा. एकच चाक जड असल्यामुळे तिथे मास्टरवर संशय कमी. मास्टरचं परतीचं भोक (पेडल सोडल्यावर ऑइल ज्यातून डबीत परत जातं ते) बुजलं असतं तर चारही चाकं धरली असती.

जुनी_चाकं (नाशिक)
ड्रम निघाला की आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवाही नको. जुन्या लायनरमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या अस्तरात) अॅस्बेस्टॉस असतं, ते फुप्फुसांना घातक. पाणी मारून ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा.

सामान असं धरा: मास्टर सिलिंडरचं किट (आतल्या रबरांचा संच), सगळ्या व्हील सिलिंडरची किटं, तिन्ही होज, नवे तांब्याचे वॉशर, १ लिटर डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल. सिस्टिम अर्ध्या लिटरच्या आत भरते, बाकीचं धुण्यात जातं. रबर बाहेरून चांगलं दिसलं तरी एकही जुनं ठेवू नका. बोअरवर नखाला लागणारा खड्डा असेल तर किट टाकून उपयोग नाही, नवा वॉशर काही महिन्यांत कापला जातो. तसं असेल तर व्हील सिलिंडर सरळ नवे घ्या, निपलही नवा मिळतो, म्हणजे गंजलेल्या निपलशी झटापट नको. ऑइलने भिजलेला लायनर धुऊन वापरू नका, तापला की पुन्हा ऑइल सोडतो. बदलताना मागच्या दोन्ही चाकांचे बदला, नाहीतर गाडी एका बाजूला ओढेल.

सिलिंडर आणि रबर धुवायला रॉकेल, पेट्रोल, डिझेल चालत नाही, रबर फुगतं. स्पिरिट किंवा ताजं ब्रेक ऑइलच वापरा.

ड्रमवाला (कोल्हापूर)
पूर्ण सहमत, फक्त मास्टरला नव्याऐवजी बोअरमध्ये स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह (नळी) बसवणं हा चांगला पर्याय आहे. बोअर मूळ मापाचा मिळतो आणि पुन्हा गंजत नाही. परतीचं भोक मात्र स्लीव्हमध्ये मूळ जागीच पाडलंय ना, तेवढं बघून घ्या.

लोखंडी पाईपवर अॅक्सलच्या क्लिपांखाली नखाने खरवडून पाहा, गंज तिथेच लपतो. बदलायचा तर बंडी पाईप (ब्रेकसाठीचा पोलादी पाईप), टोकाला दुहेरी फ्लेअर (दोनदा दुमडलेली कड). एसीची तांब्याची नळी कोणी सुचवली तर नको म्हणा, कंपनाने ती चिरते.

पडवीतली_पद्मिनी (रत्नागिरी)
केबल ढिली केली, निपलही उघडले, मागची चाकं तशीच. म्हणजे शूच. पुढचं डावं चाक निपल उघडताच मोकळं झालं. सगळं नवं घालतोच आहे, तर सिलिकॉनचं डॉट ५ भरू का? ओलावा ओढत नाही म्हणतात.

जुनी_चाकं (नाशिक)
म्हणजे पुढचा डावा होज गेलाय. डॉट ५ नको. ते जुन्या ऑइलमध्ये मिसळत नाही, आणि आत शिरलेलं पाणी एका जागी साठून तिथेच गंज धरतो. डॉट ४ भरा. त्याचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३०°, ओलावा शोषल्यावर १५५°. डॉट ३ चे हेच आकडे २०५° आणि १४०°. कोकणातल्या हवेत दर दोन वर्षांनी बदलायचं, आणि उघडलेला डबा पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवायचा नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता.

एअर काढण्याआधी शू अॅडजस्ट करा: चाक अडेपर्यंत आवळा, मग मोकळं फिरेल इतकं मागे घ्या. शू ड्रमपासून लांब असले तर एअर नसतानाही पेडल खाली जातं आणि माणूस उगाच एअर शोधत बसतो. पेडल आणि मास्टरच्या रॉडमध्ये १ मिमीच्या आसपास ढिलाई हवीच, नाहीतर परतीचं भोक झाकलेलं राहतं. एअर काढायचा क्रम: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पेडल सावकाश दाबायचं, डबी रिकामी होऊ द्यायची नाही.

मग जोराने मिनिटभर दाबून धरा. पेडल सरकलं नाही आणि प्रत्येक जोड कोरडा राहिला तरच गाडी अंगणात हळू फिरवा. थांबल्यावर चारही ड्रमला जपून हात लावून बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथला शू अजून घासतोय, अॅडजस्टर थोडा मागे घ्या.