प्रति: मुलांच्या प्रकल्पांवर शेरा काय लिहावा?

वर कुणीतरी म्हटलंय, मुलांच्या डिजिटल प्रकल्पात शिकाऊ शिक्षकाने आधी शुद्धलेखन बघावं. मीही तेच करत होतो. बेळगावात बी.एड. करतोय, सरावपाठ खानापूरकडच्या मराठी शाळेत. सातवीतल्या एका पोरीने मलप्रभा नदीवर स्लाइड्स केल्या. कणकुंबीला उगम, कूडलसंगमला कृष्णेशी संगम, सगळं बरोबर, पण पुस्तकातलं. एका फोटोखाली मात्र तिचं स्वतःचं वाक्य होतं: 'आजी कळशी भरूलालीय.' मी लगेच ही इकडची बोली खोडून 'भरत आहे' करून दिलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर फोटोच काढून टाकलेला! आता आधी विचारतो, आजी पाणी तिथूनच का भरते गं? ऱ्हस्व-दीर्घ (त्यात निम्मा दोष मोबाईलच्या कीबोर्डचा) नंतर बघतो.