किल्ल्यावरच्या मावळ्याचा फोटो: झोपून काढायचा की गॅलरीतून?

गिरगावचा_मी
चाळीच्या चौकात पोरांनी दिवाळीचा किल्ला केला, ग्रुपवर ढीगभर फोटो आले. जवळजवळ सगळे उभ्याउभ्या, वरून काढलेले. मावळ्यांची पागोटी तेवढी दिसतात आणि मागे कुणाच्या तरी स्कूटरचं चाक. माझं ठाम मत आहे, चित्रांचा, म्हणजे किल्ल्यावरच्या मावळ्यांचा, फोटो पोटावर झोपूनच काढावा. मोबाइल उलटा धरला की लेन्स जमिनीलगत येते, थेट मावळ्याच्या नजरेला. मग दोन इंची मावळा बुरुजावर खरोखर पहारा देतो आणि हळिवाचं रान त्याच्या छातीपर्यंत येतं. स्कूटर झाकायला एक राखाडी कार्डपेपर पुरतो.

शिवडीची_ताई
नाही पटलं. इतक्या खालून पुढचा एक मावळाच सगळी जागा खातो. पोरांनी चार दिवस खपून तटबंदी वळवली, माची काढली, चोरवाट ठेवली, ती कुठे गेली? आम्ही दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून काढला, सकाळी सातच्या तिरप्या उन्हात. पायरीन् पायरीची सावली पडली होती.

गिरगावचा_मी
उन्हाचं शंभर टक्के मान्य. भर दुपारी माती सपाट दिसते. पण ताई, गॅलरीतून तुम्ही नकाशा काढलात, मावळा त्यात ठिपका झाला. आणि तो जागा खातो, कारण आपण लेन्स त्याच्या नाकाशी नेतो. हातभर मागे सरकून दुप्पट झूम करा, मागचा बुरुज त्याच्या मानाने मोठा होऊन खांद्याशी येतो. मोठा कॅमेरा असेल तर लेन्सचं छिद्र बारीक, एफ/11 च्या आसपास ठेवा आणि हलू नये म्हणून कॅमेरा विटेवर टेकवा. एफ/2.8 च्या मोठ्या छिद्राला एवढ्या जवळून मिशी स्पष्ट येते आणि कान पुसट.

भांडुपची_आई
तुम्ही दोघंही खेळणं लपवताय. आमच्या महादरवाजाशी पणती होती. ज्योत इंचभर, मावळा दोन इंची, म्हणजे कमरेएवढी आग! खंदकातला पाण्याचा थेंबसुद्धा त्याच्या मुठीहून मोठा दिसतो. आग आणि पाणी काही लहान करता येत नाही, मग खऱ्या गडाचा आभास कशाला? माझ्या फोटोत मुलीचा हात आहे, नखांत गेरू अडकलेला, ती महाराजांना सिंहासनावर बसवतेय. सगळ्यांत जवळचा फोटो तोच वाटतो मला.

गिरगावचा_मी
हाताचा फोटो छानच असणार, पण तो मुलीचा फोटो झाला, किल्ल्याचा नाही. पणती मी फोटोबाहेर, डाव्या अंगाला ठेवतो, नुसता उजेड तटावर पडू देतो. ज्योत दिसत नाही, मावळ्याची लांब सावली मात्र पडते.

भांडुपची_आई
अहो, मुलीशिवाय किल्ला झाला असता का? गेरूसुद्धा तिनेच कालवलाय.

शिवडीची_ताई
पणती बाहेर ठेवायचं आज रात्री करून बघते. फोटो मात्र गॅलरीतूनच काढणार.