पोटगी नको, अर्धा वाटा हवा: गोव्याचा नियम महाराष्ट्रात का नाही?

रानजाई
ओळखीतल्या एका जोडप्याचा परस्परसंमतीने घटस्फोट चाललाय. १४ वर्षांचा संसार. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर, कारण कर्ज त्याच्या पगारावर मिळालं. हप्ता त्याच्या खात्यातून जायचा. किराणा, शाळेची फी, सासूबाईंची औषधं तिच्या पगारातून. हप्त्याची नोंद बँकेत आहे, किराण्याची कुठेच नाही. वकिलांनी तिला सांगितलं, फ्लॅटवर तुमची मालकी लागत नाही, पोटगीचं काय ते बघू.

हेच जोडपं गोव्याचं असतं तर? तिथे १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला विवाहविषयक भाग मुक्तीनंतरही १९६२च्या कायद्याने चालू राहिला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता एकत्र धरली जाते आणि अर्ध्यावर प्रत्येकाचा हक्क असतो. हिंदू असो, ख्रिस्ती असो. पोटगी मागावी लागते, न्यायाधीशाला पटवावी लागते. वाटा आधीच आपला असतो. आपल्याकडे हे का नको, ते कुणीतरी सांगा.

काळा_कोट
तुमच्या मैत्रिणीला मिळालेला सल्ला अर्धाच आहे. हिंदू विवाह कायद्यात मालमत्तेची वाटणी नाही हे खरं. कलम २७ फक्त लग्नात वा लग्नाच्या सुमारास मिळालेल्या सामायिक वस्तूंपुरतं. पण तिच्याकडे इतर दारं आहेत. कलम २५ खाली एकरकमी कायम पोटगी ठरताना त्याचा फ्लॅट हिशेबात धरला जातो, आणि त्या रकमेचा बोजाही फ्लॅटवर चढवता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मिळकत आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यामुळे लपवाछपवीला थोडा तरी आळा बसलाय. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने गृहिणीच्या घरकामाला मालमत्तेतलं योगदान मानलं. तो एका न्यायमूर्तींचा निकाल आहे आणि महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण युक्तिवादाला उपयोगी पडतो.

तरीही मी अर्ध्याच्या नियमाच्या विरोधात आहे. कौटुंबिक न्यायालयात ८ महिन्यांत मोडलेली लग्नं येतात आणि ३० वर्षांनी मोडलेलीही. दोन्हीला एकच मोजमाप? न्यायाधीशाच्या हातात थोडी मोकळीक असावी लागते.

सातबारा
शहरातल्या फ्लॅटचं ठीक आहे हो. आमच्याकडे तीन एकर, दोन भाऊ, म्हातारे आईबाप. गोव्याच्या नियमात वारसाने आलेलंही एकत्र धरतात म्हणे. उद्या धाकट्याचं लग्न मोडलं तर त्याच्या वाट्याचे पुन्हा दोन तुकडे? तुकडेबंदी कायदा १९४७ पासून आहे, तो कशाला केला होता मग? जमीन घराण्याची असते. नवराबायकोच्या भांडणात ती कशाला ओढता?

रानजाई
सातबारा, मग एक सांगा. तुमच्या बहिणीचं नाव त्या तीन एकरांवर आहे? २००५ पासून तिचा हक्क तुमच्याइतकाच आहे. बहुतेक घरांत तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतात, "तुला सासरी आहेच की" म्हणून. सासरी गेली की तिथले म्हणतात, जमीन घराण्याची. मग बाईची जमीन नेमकी कुठल्या घराण्यात असते?

आणि काळा_कोट, मोकळीक कुणाला परवडते? ज्याचे पैसे तारखांमध्ये संपत नाहीत त्याला.

पेडणेची_माई
गोव्याचं इतकं कौतुक चाललंय म्हणून लिहिते. आमच्यात लग्नाची नोंद करताना करार करायचा की नाही ते आधीच ठरवायचं असतं. बहुतेकांना ते ठाऊकच नसतं, त्यामुळे आपोआप एकत्र मालमत्ता. घर विकायचं तर दोघांच्या सह्या लागतात. १९६१च्या आयकर कायद्यात आमच्यासाठी कलम ५अ आलं. पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवराबायकोत निम्मं निम्मं दाखवायचं. कागदावर बाई राणीच.

पण घरात "हांगा सही कर गो" म्हटलं की सही होते. काय विकलं, कितीला विकलं, हे नंतर कळतं. वाटणीचा दावा लागला की भाऊ, बहिणी, मुंबईतले चुलते, सगळे येऊन बसतात आणि वर्षं जातात. संसारासाठी काढलेलं कर्जही दोघांच्या डोक्यावर. हो, आणि याच व्यवस्थेत १८८०चा एक हुकूमनामा होता, त्यात हिंदू पुरुषाला ठराविक अटींवर दुसरी बायको करायची मुभा होती. आता कुणी वापरत नाही, पण आदर्श आदर्श करताना तेही वाचा.

तरीसुद्धा सही लागते ही गोष्ट लहान नाही. एखादीने नाही म्हटलं तर व्यवहार अडतो. तुमच्याकडे नवरा घर विकून मोकळा होतो आणि बायकोला पेपरातल्या नोटिशीत समजतं.

टिपकागद
माझी गोची वेगळी आहे. बायको माझ्यापेक्षा जास्त कमावते. २०२१ मध्ये घर घेतलं तेव्हा महिला खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत नुकतीच आली होती. ती संयुक्त नावावर मिळत नाही, बाईच्याच नावावर हवं. दलालही म्हणाला, मॅडमच्याच नावावर करा. केलं. हप्ता निम्मा मी भरतो. आता सांगा, मी अर्ध्या वाट्याच्या बाजूने बोलू की विरोधात?

सातबारा
😂 या भाऊंचं ऐकून मी निम्मा वळलो. लग्नानंतर कमावलेलं अर्धं अर्धं, कबूल. वारसाचं मात्र बाहेर ठेवा. माझ्या आजोबांनी नव्वदच्या सुमारास शेतकरी नेते शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत एक एकर आजीच्या नावावर केली होती, ती स्वखुशीने. भाऊबंदकीच्या दाव्यात तेवढ्या एकराला कुणाला हात लावता आला नाही. कायद्याने सक्ती केली असती तर आजोबा नडले असते, लिहून देतो.

रानजाईताई, बहिणीचं नाव नाही. तिने मागितलं नाही.

रानजाई
विचारलंत कधी?

काळा_कोट
सातबारा म्हणतात तशा दिशेने एक प्रयत्न झाला होता. विवाह कायदा दुरुस्ती विधेयक, २०१०. त्यात लग्न सुधारण्यापलीकडे मोडलंय हे घटस्फोटाचं कारण होतं आणि नवऱ्याच्या मालमत्तेतून बायकोला वाटा देण्याची तरतूदही होती. २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं, लोकसभेत अडकलं आणि २०१४ मध्ये लोकसभा संपली तेव्हा बारगळलं. पुरुष संघटनांचा विरोध होताच, पण टिपकागद यांच्यासारख्यांचा विचारही त्यात नव्हता.

तोवर एवढं करा: हप्ता कुणाच्याही खात्यातून जावो, खरेदीखतावर दोघांची नावं ठेवा. नंतर नाव घालायचं असेल तर राहत्या घराचं किंवा शेतजमिनीचं बक्षीसपत्र नवराबायकोत २०० रुपये मुद्रांक शुल्कात होतं, शहरात स्थानिक अधिभार वेगळा. बँकेचं कर्ज असेल तर आधी बँकेची परवानगी घ्या.

टिपकागद
हे बक्षीसपत्र बायकोकडून नवऱ्याकडे पण २०० रुपयांतच ना?

काळा_कोट
हो. तिला विचारा.