फाटकाशी थांबलेल्या गाड्यांना दिवे कसे लावू?

घाटवाट: नमस्कार मंडळी. घरच्या मॉडेल रेल्वेच्या एचओ (म्हणजे १:८७ प्रमाणातल्या) लेआउटवर रेल्वे फाटक केलंय. फाटकाशी एक बस, दोन ट्रक आणि एक मोटार खोळंबलीय. खोलीतला दिवा मालवला की स्टेशन, सिग्नल सगळं उजळतं, या गाड्या मात्र काळ्याठिक्कर. पुढचे-मागचे दिवे पेटवायचेत, गाड्या हलणार नाहीत. ३ मिमीचा एलईडी लावून बघितला, तो हेडलाइटपेक्षा मोठा दिसतो. लेआउट साध्या डीसीवर आहे. रुळांवरूनच वीज घेतली तर चालेल का?

शंटर: रुळांवरून अजिबात नको. आगगाडी थांबली की रुळांत व्होल्टेज उरत नाही, म्हणजे दिवे गेले. गाडी उलटी चालवली की प्लस-मायनस बदलतात, मग एलईडी पेटतच नाही. १२ व्होल्ट डीसीचा वेगळा अ‍ॅडॉप्टर घ्या. बस-ट्रकला ०६०३ मापाचे एलईडी (१.६ × ०.८ मिमी), मोटारीला ०४०२ (१ × ०.५ मिमी). इनॅमलची बारीक तार जोडलेलेच घ्या, थोडे महाग पडले तरी. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडवर विचारा. गाडी जुन्या काळातली असेल तर पांढराशुभ्र नको, वॉर्म व्हाइट म्हणजे पिवळसर पांढराच.

मीटरगेज: घाटवाट, रेझिस्टरशिवाय (करंट कमी ठेवतो तो) एलईडी एकदाही जोडून बघू नका, क्षणात जळतो. दोन हेडलाइट सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडा. पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्ट घेतो, दोघांचे ६, उरलेल्या ६ व्होल्टना ३.३ किलोओहम. जेमतेम २ मिलिअँपियर करंट जातो आणि तेवढा भरपूर होतो. लाल एलईडी २ व्होल्टचा, म्हणून मागच्या जोडीला ४.७ किलोओहम. रेझिस्टर गाडीत कोंबू नका, टेबलाखाली ठेवा, म्हणजे उजेड कमी-जास्त करायला गाडी उचलावी लागत नाही. तारा चाकामागून ०.८ मिमीच्या भोकातून खाली घ्या. आणि डिंक लावायच्या आधी प्रत्येक दिवा पेटवून बघा!

निळी शाई: एक गोष्ट राहिली. प्लास्टिकची बॉडी आतून काळी रंगवा, दोन हात द्या. नाहीतर अख्खं बॉनेट कंदिलासारखं उजळतं. मोटारीत दोन एलईडी बसत नसतील तर एकच ठेवून उजेड वाहून नेणारे ०.७५ मिमीचे प्लास्टिक फायबर दोन्ही दिव्यांपर्यंत न्या. फायबरचं टोक तापलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या जवळ धरा, टेकवू नका. ते फुगून टाचणीच्या डोक्याएवढं गोल होतं. बाहेरून ओढून बसवलं की हेडलाइटची काचच वाटते.

घाटवाट: सगळ्यांचे मनापासून आभार. बस झाली! आधी घरात होता तो १ किलोओहम लावला, तर समोरचं फाटक पांढरंफटक पडलं. ३.३ ने छान झालं, पण मला अजून मंद हवा होता, १० किलोओहमवर थांबलो. आता बसच्या पुढ्यात रस्त्यावर दोन पिवळसर ठिपके पडतात आणि मागच्या ट्रकच्या जाळीवर टेललाइटची लाली दिसते. ती बघत काल बराच वेळ बसलो होतो.

शंटर: वा, फोटो टाका. ट्रक करताना पुढच्या आणि मागच्या दिव्यांना वेगळी बटणं द्या. फाटक बंद असताना ड्रायव्हर हेडलाइट बंद करून थांबतात, मागचे लाल तेवढे चालू असतात.

घाटवाट: हे डोक्यातच आलं नव्हतं. बसची तार आजच सोडवून वेगळी करतो.