डेको पोर्तुगालचा होता की उसना आणलेला? (चर्चा)

मधल्याफळीतला:
परवा मित्राशी कडाक्याचं भांडण झालं आणि डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितोय. त्याचं म्हणणं, डेको हा पोर्तुगालनं उसना आणलेला ब्राझिलियन फुटबॉलपटू, त्यामुळे पोर्तुगालच्या मोठ्या खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव घ्यायचंच नाही. मला हे अजिबात पटत नाही.

डेकोचं करिअर नीट बघा. जन्म 1977 चा, साओ बर्नार्दो दो काम्पो, ब्राझील. 1997 ला पोर्तुगालला आला तेव्हा विशीत होता आणि नाव कुणालाच माहीत नव्हतं. बेन्फिका क्लबनं घेतला पण खेळवला नाही, लोनवर अल्व्हेर्का क्लबला पाठवून दिला, तिथून साल्गेरोस, मग 1999 ला पोर्तो. म्हणजे आपण जो डेको ओळखतो, ती नजर, तो टॅकल, तो शेवटचा पास, हे सगळं पोर्तुगालच्या मैदानांवर घडलंय. ब्राझीलच्या सीनियर टीमनं त्याला एकदाही खेळवलं नाही. 2002 ला नागरिकत्व मिळालं आणि 29 मार्च 2003 ला पहिला सामना, तोही थेट ब्राझीलशी, तोही पोर्तोच्याच जुन्या अंतास स्टेडियमवर. बदली म्हणून आत आला, 1-1 होतं, शेवटची आठ-दहा मिनिटं उरली असताना फ्री-किक मिळाली आणि त्यानं बॉल थेट जाळ्यात घातला. 2-1. समोर जगज्जेते, आणि 1966 नंतर पोर्तुगालनं पहिल्यांदा ब्राझीलला हरवलं.

जन्मभूमीविरुद्ध पहिल्याच सामन्यात असा गोल करायला काळीज लागतं. उसना माणूस असं खेळत नाही. तुमचं काय मत?

जुनीजर्सी:
असहमत, आणि मनापासून असहमत. डेको किती भारी होता यावर वाद नाहीच, मी पोर्तोचे तेव्हाचे सामने रात्री जागून बघितलेत. पण प्रश्न प्रतिभेचा नाहीये, प्रश्न रांगेचा आहे.

तुम्ही रुई कोस्टाचं नावच घेतलं नाहीत. 1991 ची वीस वर्षांखालच्यांची वर्ल्ड कप फायनल, लिस्बनचं लूझ स्टेडियम खच्चून भरलेलं, समोर ब्राझील, सामना पेनल्टीपर्यंत गेला आणि निर्णायक पेनल्टी मारली रुई कोस्टानं. ती पिढी, फिगो, रुई कोस्टा, जोआव पिंटो, लहानपणापासून एकत्र वाढवलेली. सगळा देश तेरा वर्षं वाट बघत होता की ही पोरं आपल्याच घरात काहीतरी जिंकतील. 2004 ला युरो, म्हणजे युरोपियन देशांची स्पर्धा, पोर्तुगालमध्येच झाली, पहिला सामना ग्रीसशी 1-2 हरले आणि दुसऱ्या सामन्याला दहा नंबरवाला रुई कोस्टा बाकावर. त्याच्या जागी कोण? वर्षभरापूर्वी राष्ट्रीय टीममध्ये आलेला डेको. स्पर्धा संपली आणि रुई कोस्टानं राष्ट्रीय टीम सोडली. मला ते बघवलं नव्हतं, आजही बघवत नाही.

मधल्याफळीतला:
@जुनीजर्सी, रुई कोस्टाबद्दल तुमच्याइतकंच मलाही वाटतं. पण ग्रीसकडून हरल्यावर कोच स्कोलारीनं फक्त एक माणूस बदलला नव्हता. बचावात कूटोच्या जागी रिकार्दो कार्व्हाल्यो आला, नुनो व्हालेंते आला. यांनी आणि डेकोनं काही आठवड्यांपूर्वीच पोर्तोकडून चॅम्पियन्स लीग जिंकली होती, मोनॅकोला 3-0. त्यातला डेकोचा गोल परत बघा. अलेनिचेव्हचा पास येतो, कुणीही असता तर पहिल्या फटक्यात हाणला असता, हा क्षणभर थांबतो, कीपर एका बाजूला झुकला की दुसऱ्या बाजूनं शांतपणे सरकवतो. असा फॉर्म असलेला माणूस बाकावर बसवायचा का, फक्त दुसऱ्यानं जास्त वाट बघितली म्हणून?

गोललाइन:
रांगेचा मुद्दा मला लागू वाटत नाही कारण टीम ही सिनियॉरिटी लिस्ट नसते. पण फिगोचा मुद्दा वेगळा होता आणि त्याचं उत्तर कुणी दिलं पाहिजे. डेकोला घ्यायचं ठरलं तेव्हा फिगो उघड बोलला होता, अर्थ असा की माणूस चीनमध्ये जन्मला तर त्यानं चीनकडून खेळावं. रुई कोस्टाही विरोधातच होता. ज्यांच्या शेजारी खेळायचं त्यांनाच पटत नसेल तर काहीतरी असेलच ना त्यात. आणि निवडणारा कोच स्वतः ब्राझिलियन, 2002 ला ब्राझीलला वर्ल्ड कप जिंकून देऊन आलेला. तेव्हा त्यानं डेकोला ब्राझीलकडून नेला नाही आणि पोर्तुगालला आल्या आल्या लगेच हवासा वाटला? म्हणजे तिकडे पुरेसा चांगला नव्हता म्हणून इकडे, असाच अर्थ निघतो. राष्ट्रीय जर्सी ही दुसरी पसंती असू नये, एवढंच माझं म्हणणं.

फ्रीकिक:
@गोललाइन, 2002 ची ब्राझील टीम आठवा, रिव्हाल्डो, रोनाल्डिन्यो, काका तर बाकावर. तिथे जागा न मिळणं म्हणजे चांगला नसणं नव्हे. 2004 च्या बॅलन डी'ओरमध्ये (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) शेवचेन्को पहिला, डेको दुसरा आणि रोनाल्डिन्यो तिसरा होता, यावरूनच काय ते कळतं.

फिगोचं म्हणाल तर मला त्याचं तेव्हाही पटलं नव्हतं. जन्मावरच जायचं तर पोर्तुगालचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण? युसेबियो. जन्म मोझांबिकचा. 1966 च्या वर्ल्ड कपमध्ये 9 गोल, पोर्तुगाल तिसरा. त्याच टीमचा कॅप्टन कोलुना, तोही मोझांबिकचाच. ती दोन नावं काढली तर 1966 मध्ये काय उरतं?

जुनीजर्सी:
@फ्रीकिक, ही तुलना नको. मोझांबिक तेव्हा पोर्तुगालची वसाहत होती, युसेबियोपुढे दुसरी राष्ट्रीय टीम निवडायचा पर्यायच नव्हता. त्याला तिथून आणलं गेलं, डेको स्वतःहून आला. वसाहतीतल्या माणसाची सक्ती आणि एका प्रोफेशनलची निवड या दोन गोष्टी एका तराजूत टाकू नका, दोघांवर अन्याय होतो. उलट युसेबियोचं उदाहरण बघून मला तर वाटतं की पोर्तुगालनं कुणाला आपलं म्हणायचं हा प्रश्न फार जपून हाताळायला हवा होता.

फ्रीकिक:
हा मुद्दा मान्य. वसाहतीचा विचार मी केला नव्हता. तुलना मागे घेतो, मत नाही.

नियमवाला:
थोडं नियमांचं सांगतो कारण सगळं एकातच मिसळलं जातंय. 2004 च्या सुरुवातीला कतारनं आयल्टन, डेडे असे ब्राझिलियन खेळाडू पैसे देऊन आपल्या टीममध्ये घ्यायचा प्रयत्न केला. या खेळाडूंचा कतारशी काडीचा संबंध नव्हता, ते जर्मनीत खेळत होते. फिफानं लगेच नियम कडक केला, की आईवडील किंवा आजीआजोबा त्या देशात जन्मलेले हवेत नाहीतर किमान दोन वर्षं तिथे राहिलेलं हवं. पुढे 2008 ला ते वयाच्या अठरानंतरची पाच वर्षं केलं.

आता डेकोला हा नंतरचा कडक नियम लावून बघा. 1997 ते 2003, एकोणीस-वीसपासून पंचविशीपर्यंत सलग पोर्तुगालमध्ये. पाच वर्षांचा नियम तेव्हा असता तरी तो बसला असता. म्हणून त्याला कतारवाल्यांच्या रांगेत उभं करणं मला अन्यायाचं वाटतं.

गोललाइन:
नियमात बसतो हे मान्य, नियम मोडला असं मी म्हणलंच नाही. पण एकदा दार उघडलं की काय होतं तेही बघा. 2010 च्या वर्ल्ड कपला पोर्तुगालच्या टीममध्ये ब्राझीलमध्ये जन्मलेले तिघं, डेको, पेपे आणि लिएडसन. लिएडसनला तर तिशी उलटल्यावर घेतलं. पोर्तुगालला वर्षानुवर्षं चांगला स्ट्रायकर घडवता येत नव्हता, तो प्रश्न सोडवायचा सोडून तयार माणूस उचलला. आपली अकादमी कुठे कमी पडतेय हे मग कुणी विचारतच नाही. माझा राग डेकोवर नाही, या सवयीवर आहे आणि ती डेकोपासून लागली.

आणि त्याच 2010 ला आयव्हरी कोस्टबरोबर 0-0 झाल्यावर डेको कोच कैरोशच्या डावपेचांवर उघड बोलला, मग माफी मागितली, मग दुखापत, पुढे खेळलाच नाही. ब्राझीलशी सामना झाला तेव्हा तो मैदानात नव्हता. असा शेवट झाला त्याचा.

मधल्याफळीतला:
@गोललाइन, लिएडसनबद्दल तुमच्याशी बऱ्यापैकी सहमत. पेपेबद्दल नाही, तो अठराचा असताना पोर्तुगालच्या मारिटिमो क्लबला आला आणि 2016 ला युरो जिंकून दिला, फायनलला त्याच्यासारखा कुणी खेळला नाही. प्रत्येकाचं वेगळं बघायला हवं, सरसकट नको. 2010 चा शेवट वाईट झाला हेही खरं आणि डेकोनं तसं बोलायला नको होतं. पण कोचवर चिडणारे तिथेच जन्मलेलेही असतात, त्यांच्या पासपोर्टवर कुणी बोट ठेवत नाही. यानं तोंड उघडलं की लगेच बाहेरचा. त्याच्या 75 सामन्यांचं काय मग?

2006 चा वर्ल्ड कप घ्या. इराणविरुद्ध पहिला गोल त्याचा. मग न्यूरेंबर्गला नेदरलँड्सशी ती लढाई, 16 पिवळी आणि 4 लाल कार्डं, त्यातलं एक लाल डेकोचं. बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसला, थोड्या वेळानं नेदरलँड्सचा व्हान ब्रोंकहॉर्स्टही लाल कार्ड घेऊन आला, दोघं बार्सिलोनाचे जोडीदार, शेजारी बसून बोलत सामना बघत होते. वर्षभर एकत्र खेळून महिन्यापूर्वी चॅम्पियन्स लीग जिंकलेली, आणि त्या रात्री दोघंही आपापल्या देशासाठी मैदानाबाहेर. तो फोटो बघितला की मला डेको उसना वाटतच नाही. पुढचा इंग्लंडचा सामना त्याला सस्पेन्शनमुळे बाहेरून बघावा लागला.

बाकावरचा:
सगळं वाचलं. एक सामना कुणीच काढला नाही म्हणून लिहितो. युरो 2004 ची क्वार्टर फायनल, पोर्तुगाल-इंग्लंड. पोर्तुगाल मागे, स्कोलारीनं फिगोला बाहेर काढलं, मग राइट-बॅक (उजव्या बाजूचा बचावपटू) मिगेलला काढून रुई कोस्टाला आत घेतलं. मग राइट-बॅकला कोण? डेको. जो माणूस रुई कोस्टाची जागा घेऊन आला म्हणून एवढा वाद, तोच डेको, रुई कोस्टा आत आला तशी, मधली जागा सोडून मागे बचावाला गेला आणि एक्स्ट्रा टाइमभर तिथेच पळत राहिला. रुई कोस्टानं 110 व्या मिनिटाला जो गोल मारला, तसा गोल त्यानं आयुष्यात फार थोड्या वेळा मारला असेल. मग पेनल्टी. पोर्तुगालची पहिली डेकोनं घेतली, आत. रुई कोस्टाची वरून गेली. तरी पोर्तुगाल जिंकलं.

जुनीजर्सी:
@बाकावरचा, रुई कोस्टाचा तो गोल मला पाठ आहे, बॉल बारच्या खालून आत जातो तो आवाजसुद्धा. पण तेव्हा राइट-बॅकला कोण होतं हे खरंच माझ्या लक्षात नव्हतं.

माझं मत बदललेलं नाही, त्या स्पर्धेत दहा नंबर रुई कोस्टाचाच होता आणि त्यानं सुरुवात करायला हवी होती. पण सामना आज परत बघतो. या वेळी उजवी बाजू बघतो.