आउटबोर्डसाठी बदली कार्ब्युरेटर : तिन्ही बदलू की एकच? मदत हवी आहे

मंडळी, तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) आहे, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग). मधल्याचा थ्रॉटल शाफ्ट (हवेची झडप फिरवणारा दांडा) बोटाने हलवला तरी खडखडतो. तिथून हवा ओढली जाते, आयडलिंग (इंजिनचं मंद चालणं) वरखाली होतं आणि त्याच सिलिंडरचा प्लग पांढरट निघतो. गॅस्केट, नीडल, फ्लोट सगळं नवीन टाकून झालं. पण बॉडीचं भोकच झिजलंय, त्याला दुरुस्ती किट काय करणार?

आता पर्याय : वापरलेला ओरिजिनल सेट, नवा आफ्टरमार्केट (दुसऱ्या कंपनीचा) सेट, किंवा आहे त्याच बॉडीच्या झिजलेल्या भोकात बुश (बारीक नळी) बसवणं. आफ्टरमार्केटवाले '४० ते ६० एचपीला चालेल' असं छापतात, तिथेच माझा विश्वास उडतो. एकाच ब्लॉकवर वेगवेगळ्या एचपीची इंजिनं निघतात. कार्ब्युरेटर बाहेरून सारखे दिसले तरी व्हेंच्युरी (हवेचा अरुंद मार्ग) आणि मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) वेगळे असू शकतात. मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालं तर पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही. प्रीमिक्स (ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं) असल्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी.

बॉडीवरचा ठोकलेला नंबर जुळवूनच घ्यायचं, एवढं पक्कं आहे. पण नंबर जुळणारा एकच मिळाला तर जुन्या दोघांबरोबर तो नीट सिंक होतो का, म्हणजे तिन्ही एकसारखे उघडतात का? आफ्टरमार्केट बॉडीत माझे जुने जेट टाकले, तरी आयडल सर्किटची (मंद चालताना पेट्रोल देणाऱ्या मार्गाची) भोकं वेगळी असली तर उपयोग काय? आणि बुश बसवून कोणी चालवलंय का, विशेषतः खाऱ्या पाण्यात? 'इंजिनच बदला' हा सल्ला घरून रोज मिळतो, तो सोडून सांगा.